पाटी बदलते, सभा जाते

तालुक्याच्या एखाद्या मध्यम गावाची ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपंचायत येणार अशी कुणकुण लागली, की पुढचे काही महिने त्या गावात कोणता वाद रंगणार, हे आता आपल्याला पाठ झाले आहे. एक पक्ष सांगतो, की नगरपंचायत झाली की निधीचा ओघ सुरू होईल, भुयारी गटारे होतील, पूर्णवेळ मुख्याधिकारी येईल आणि ग्रामसेवकाची वाट पाहत कार्यालयाच्या पायरीवर बसावे लागणार नाही. दुसरा पक्ष सांगतो, की घरपट्टी वाढेल, ग्रामीण रोजगार हमीची कामे आणि ग्रामीण घरकुले बंद होतील, शेतात गोठा बांधायचा म्हटले तरी नकाशा मंजूर करून आणावा लागेल. दोन्ही पक्ष पोटतिडकीने बोलतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. पण दोघेही एकाच वहीत जमाखर्च मांडत असतात. मिळणार किती आणि द्यावे लागणार किती, एवढाच त्या वादाचा आवाका. २०१४ पासून राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगरपंचायतींत बदलण्याचे धोरण हाती घेतल्यानंतर हा वाद किती गावांत झाला असेल, आणि किती ठिकाणी तो या वहीच्या बाहेर गेला असेल?

माझे म्हणणे असे आहे, की या रूपांतरात गावाचे जे सर्वांत मोठे नुकसान होते त्याची नोंद या वहीत कोणीच करत नाही. ते नुकसान म्हणजे ग्रामसभा. गावातील प्रत्येक मतदाराला आपल्या कारभाऱ्यांसमोर बसून हिशेब मागण्याचा, हरकत नोंदवण्याचा आणि ठराव करण्याचा जो कायदेशीर हक्क होता तो कार्यालयावरची पाटी बदलताच संपतो, आणि तो संपल्याचे कोणाला सांगितलेही जात नाही. नगरपंचायती होऊच नयेत असे मी म्हणत नाही. सभेचा हक्क काढून घेऊन त्या होऊ नयेत, एवढेच म्हणतो.

हे नुकसान कायद्यात कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ७४वी १ जून १९९३ रोजी. दोन्ही एकाच काळातील, एकाच संसदेची अपत्ये. पहिलीने ग्रामसभेला राज्यघटनेत जागा दिली, म्हणजे गावाच्या मतदारयादीतील सर्व माणसांचा समूह ही घटनात्मक संस्था ठरली. दुसरीने नगरांना नगरसेवक दिले, प्रभाग दिले, समित्या दिल्या. पण मतदारांच्या सभेचा तिच्यात उल्लेख नाही. प्रभाग समित्यांची सक्ती आहे, परंतु ती ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांना. नगरपंचायत ही तर घटनेच्याच भाषेत गावाकडून शहराकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी आहे. महाराष्ट्रात त्यासाठी साधारणतः १० ते २५ हजारांची लोकसंख्या धरलेली आहे. म्हणजे काय झाले? दोन हजारांच्या गावाला ग्रामसभा आहे, तीन लाखांच्या शहराला निदान प्रभाग समिती आहे, आणि पंधरा हजारांच्या गावाला यांपैकी काहीही नाही. १७ प्रभागांचे १७ नगरसेवक निवडून द्यायचे आणि मग पाच वर्षे त्यांच्या घरी, चहाच्या टपरीवर किंवा लग्नाच्या मांडवात गाठ पडेल तेव्हा आपले गाऱ्हाणे घालायचे.

आणि जे जाते ते कागदोपत्री तरी क्षुल्लक नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांभोवती वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्यात अशी रीत बसलेली आहे. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. जमाखर्च, वार्षिक अहवाल, लाभार्थ्यांची निवड, विकासाचा आराखडा हे सारे सभेपुढे यावे लागते. त्याआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी लागते. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास आणला तर त्यावर शेवटचा शिक्काही ग्रामसभाच गुप्त मतदानाने मारते. निवडून दिलेला माणूस मध्येच घरी पाठवण्याच्या कामात ज्याचे मत मोजले जाते असा सामान्य मतदार या राज्यात दुसऱ्या कोणत्या पातळीवर आहे? आमदाराच्या बाबतीत नाही, खासदाराच्या बाबतीत नाही, आणि नगरपंचायतीतही नाही.

या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार सातारा जिल्ह्यातील औंध आठवते. आज ते खटाव तालुक्यातील एक गाव आहे. यमाईचा डोंगर, गावातील देवीचे देऊळ आणि त्याची अजस्र दीपमाळ, पौषातील रथ आणि डोंगराच्या वाटेवरचे १९३८ मध्ये उभे राहिलेले श्री भवानी संग्रहालय यांसाठी लोक तेथे जातात. रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आणि हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्प एकाच छपराखाली दाखवणारे दुसरे खेडे महाराष्ट्रात नाही, आणि बहुधा देशातही नसावे. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर येथे शिकले. पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाने तीस वर्षे येथून वेदांच्या आवृत्त्या काढल्या. पण औंधची खरी मिरास मला या यादीत दिसत नाही. ती दिसते १९३९ च्या जानेवारीत झालेल्या एका कायद्यात.

औंध हे ७२ गावांचे आणि सुमारे ७५ हजार वस्तीचे संस्थान होते, आणि तेही सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे व्रतस्थ प्रचारक. त्यांनी १९३८ च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवत असल्याचे जाहीर केले. त्यांचे पुत्र अप्पा पंत आणि भारतानंद या नावाने ओळखला जाणारा पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन हे दोघे मसुद्यासाठी गांधीजींकडे गेले, आणि त्यांच्या सल्ल्याने जी घटना तयार झाली तिची रचना सरळ उलटी होती. वरून खाली नव्हे, तर गावातून वर. गावाने आपली पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची परिषद व्हायची आणि तालुक्यातून संस्थानच्या विधिमंडळाचे प्रतिनिधी जायचे. महसुलाचा मोठा वाटा गावाकडेच राहायचा आणि गावातील किरकोळ तंटे गावातच मिटायचे. आटपाडीजवळ कैद्यांना भिंती आणि बेड्यांवाचून शेती करू देणारी स्वतंत्रपूर वसाहत उभी राहिली तीही याच वर्षातली. माणदेशाच्या अवर्षणग्रस्त माळावर, कर्जात बुडालेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या कुणब्यांच्या हाती कारभार द्यायचा, हे त्या काळी किती जणांना वेडाचार वाटला असेल?

या प्रयोगाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तो राजाने दिलेला होता, त्यामुळे राजाला तो परतही घेता आला असता. तो जेमतेम नऊ वर्षे टिकला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याबरोबर ती घटनाही इतिहासजमा झाली. विलीनीकरण योग्यच होते, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण त्या दिवशी औंध, आटपाडी आणि कुंडलच्या शेतकऱ्यांना जे मिळाले ते मोठ्या राज्याचे नागरिकत्व, आणि जे गेले ते आपल्या महसुलाबद्दल आपल्या चावडीत बसून ठरवण्याचा अधिकार. पहिल्याचा आनंद इतका मोठा होता, की दुसऱ्याचे कोणी सुतक पाळले नाही. आजच्या नगरपंचायतींच्या बाबतीत नेमके हेच घडते, फक्त आनंदाचे कारण बरेच लहान असते.

कुंडलचे नाव वर आले म्हणून एक गोष्ट सांगून पुढे जातो. १९४२ नंतर साताऱ्यात जे प्रतिसरकार उभे राहिले त्याचे एक मोठे केंद्र औंध संस्थानातील हे कुंडलच होते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या चळवळीने गावोगाव न्यायदान मंडळे नेमली, सावकारी आणि दरोडेखोरी यांना चाप लावला, कमी खर्चात गांधी पद्धतीची लग्ने लावून दिली. पंचायतीचा सराव झालेल्या मुलखातच हे रुजले, यावर मी फार भार टाकणार नाही; संस्थानी हद्दीत इंग्रजी पोलिसांचा हात आखडता असणे हेही त्यामागचे एक साधे कारण होते. पण माणसे एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय लावून घेतात तेव्हा ती सवय नेमून दिलेल्या कामापुरती राहत नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

आता विरुद्ध बाजू. ती दुबळी नाही, आणि तिच्याकडे कानाडोळा करून ग्रामसभेची आरती ओवाळणाऱ्यांनी या विषयाचे भलेही केलेले नाही.

पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. ग्रामसभा प्रत्यक्षात होते तरी कोठे? गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून पुढच्या तारखेला पंचवीस माणसांत सारे विषय मंजूर होतात, आणि शिपाई वही घेऊन घरोघर सह्या गोळा करत फिरतो. ज्या सभेत लाऊडस्पीकरच्या ताब्यावरून हमरीतुमरी होते आणि निम्मे गाव भानगड नको म्हणून येतच नाही, ती गेली तर रडायचे कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. विधानसभेत कोरमअभावी कामकाज थांबते, अंदाजपत्रकाच्या मोठमोठ्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात. त्यावरून विधानसभा मोडीत काढा असे कोणी म्हणत नाही. जो हक्क नीट वापरला जात नाही तो वापरण्याची सोय करायची असते. आणि दुसरे असे, की वर्षानुवर्षे झोपलेली ग्रामसभा एखाद्या दिवशी जागी होते. खाणपट्ट्याचा प्रश्न येतो, गायरान कोणाच्या तरी घशात जाऊ लागते, पाणीयोजनेचे पैसे खर्ची पडतात पण नळ कोरडा राहतो, आणि त्या दिवशी शंभरांच्या जागी हजार माणसे येतात. त्या दिवशी सभा बोलावण्याचा हक्कच कायद्यात उरलेला नसेल तर ती माणसे कोठे जाणार? मुख्याधिकाऱ्याच्या केबिनबाहेर निवेदन घेऊन, फोटोसह.

दुसरा आक्षेप संख्येचा. पंधरा-वीस हजारांचे गाव एका मांडवात बसणार कसे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केरळने केव्हाच देऊन ठेवले आहे. तेथील ग्रामपंचायती आपल्या नगरपंचायतींएवढ्या, कित्येकदा त्यांहून मोठ्या. म्हणून १९९४ च्या कायद्याने त्यांनी ग्रामसभा वॉर्डावॉर्डात नेली. एवढेच नव्हे, तर एक लाखापर्यंतच्या नगरपालिकांतही प्रत्येक वॉर्डाच्या मतदारांची सभा त्यांनी कायद्यात घातली. आमच्याकडे १७ प्रभाग आधीच आखलेले असतात. एका प्रभागात हजार-बाराशे माणसे. शाळेच्या पटांगणात ती बसतात, आणि गणपतीच्या आरतीला तर त्याहून अधिक बसतात. तेव्हा अडचण जागेची नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचे वर्णन संकुचितपणाचे डबके आणि अज्ञान, कोतेपणा व जातीयतेची गुहा अशा अर्थाच्या शब्दांत केले आणि घटनेचा पाया गाव नव्हे तर व्यक्ती असावी असा आग्रह धरला. त्याच्या सोळा वर्षे आधी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलतानाही त्यांची भूमिका हीच होती. यामागे पुस्तकी तिरस्कार नव्हता. गावाची ‘एकजूट’ कोणाच्या पाठीवर वळ उठवते, हे त्यांनी भोगून पाहिले होते. गावकीने वाळीत टाकणे ही आपल्याकडे जुनी म्हणून सोडून देता येईल अशी गोष्ट नाही. ती आजची आहे म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. मग जमलेल्या गावाच्या हाती अधिकार द्यावा, असे आज कोणत्या तोंडाने म्हणायचे?

या प्रश्नाला सामोरे जाताना दोन सभांमधला फरक धरून ठेवावा लागतो. मराठेशाहीतील गोतसभा ही खरोखर गावाची सभा होती. वतनाचा तंटा निघाला की पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार जमत, निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर ज्याची त्याची निशाणी उठे. कुणब्याचा नांगर आणि इतरांची आपापल्या हत्यारांची चिन्हे. पाहायला ते मोहक वाटते, परंतु त्या कागदावर माणूस उमटतो तो आपल्या जातीच्या कामाचे हत्यार म्हणून. त्याला बसायला जागा वतनाने मिळते, आणि महाराची वतनी चाकरी तर १९५८ च्या कायद्यापर्यंत सुटली नाही. आजच्या ग्रामसभेत माणूस येतो तो मतदारयादीतील नाव म्हणून. तेथे त्याचा क्रमांक आहे, जात नाही. सभेला शासनाचा सेवक हजर असतो, इतिवृत्त लिहिले जाते, त्यावर अपील करता येते, सरपंचपद आरक्षणाने फिरते. बाबासाहेबांना हवी असलेली व्यक्ती गावात प्रथमच कायद्याने उभी राहिली ती याच सभेत. तेथे तिला बोलू दिले जात नाही, खाली बसवले जाते, पुढच्या हंगामात मजुरी नाकारली जाते, हे सारे घडते. पण जिथे ते घडते तिथे ते नोंदवता येते, आणि बेकायदा ठरवता येते. सभा काढून टाकली म्हणून गावकी संपत नाही. ती पारावर, तालमीत, जत्रेच्या पंचकमिटीत आणि साखर कारखान्याच्या गटबाजीत सुखाने नांदत राहते. फक्त तिला तोंड देण्याची एकमेव लेखी जागा जाते.

हा मुद्दा मला आणखी थोडा ताणायचा आहे, कारण गावाच्या सामाजिक जीवनाविषयी बोलताना आपण येथेच फसतो. लोक म्हणतात, गावपण काय कायद्याने टिकते का? सप्ताह आहे, यात्रा आहे, गणेश मंडळे आहेत, तालीम आहे. औंधातच पाहा, १९४० पासून आश्विनात शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक भरते, मोठमोठे कलावंत त्या माळावर येऊन गाऊन जातात आणि त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज लागलेली नाही. खरे आहे. असल्या गोष्टी गावाला गाव बनवतात आणि त्या सरकारने हातात घेऊ नयेत हेच उत्तम. पण या सगळ्या जागा वर्गणीच्या, मानाच्या किंवा आवडीच्या आहेत. पालखीला खांदा कोणाचा, रथाचा पहिला दोर कोणाच्या हाती, हे ठरलेले असते. ज्याला वर्गणी परवडत नाही, जो कालपरवा उसतोडीवरून परत आला, जी नवऱ्यामागे एकटी राहते, त्यांना तेथे येण्यास मज्जाव नसेल, पण येऊन जाब विचारण्याचा हक्कही नाही. ‘माझी हरकत लिहून घ्या’ हे वाक्य सप्ताहाच्या मांडवात कोणी म्हणू शकत नाही. ग्रामसभेत ते म्हणता येते, आणि लिहून घ्यावे लागते.

या हक्काने काय साधते याची उदाहरणे शोधायला दूर जाण्याची गरज नाही. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यायचे आणि विंधनविहिरी कशा आवरायच्या हे ग्रामसभेत ठरवले, हे सर्वांना ठाऊक आहे आणि ते सांगून सांगून गुळगुळीतही झाले आहे. मला त्याहून लहान गोष्टी बोलक्या वाटतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे आणि बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. सुधारणेचा आदेश मंत्रालयातून गावात जातो असे आपण धरून चालतो. येथे तो गावातून मंत्रालयात गेला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसायचे. ठराव केला म्हणून हेरवाडच्या प्रत्येक घरातली प्रथा थांबली, किंवा वडगावच्या प्रत्येक घरातला मोबाइल बंद झाला, असे मी म्हणत नाही. पण ज्या विषयाला कोणत्याही योजनेचे लेखाशीर्ष नाही, ज्यावर निविदा निघत नाही, असा विषय नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी येईल काय?

येथे प्रामाणिकपणे एक कबुली द्यायला हवी. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांनी मतदान घ्यायचे, ज्याला आपण ‘बाटली आडवी’ म्हणतो, ती सोय नगरांतल्या प्रभागांनाही आहे. म्हणजे नगरातील मतदाराला निवडणुकीशिवाय कोठेच तोंड नाही असे म्हणता येणार नाही. पण ही सोय एका विषयापुरती आहे, आणि तीच उलट असे दाखवते, की प्रभागातल्या साध्या मतदारांना विचारून निर्णय घेणे ही गोष्ट शासनाला अशक्य कोटीतील वाटत नाही. दारूच्या दुकानाबाबत जे जमते ते गटाराच्या ठेक्याबाबत का जमू नये?

इतिहासाने या बाबतीत एक इशारा देऊन ठेवलेला आहे. पेशवाई बुडाल्यावर १८१९ च्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दख्खनच्या गावांचे वर्णन राज्याची सारी सामग्री लहान प्रमाणात आपल्यात बाळगणाऱ्या संस्था असे केले होते, आणि येथील पंचायती शक्यतो टिकवाव्यात असेच त्याचे मत होते. त्याने पंचायत बंद केली नाही. पुढे १८२७ च्या कायदेसंहितेने रीतसर दिवाणी-फौजदारी न्यायालये आली, त्यांच्या हुकुमाला अंमलबजावणीचे बळ होते, पंचायतीच्या निवाड्याला ते उरले नाही, आणि पुढच्या काळात पंचायत आपोआप वाळली. तिला कोणी मारले नाही. वाट दुसरीकडून काढली, एवढेच. त्या जुन्या पंचायतीत जाण्यासारखे पुष्कळ होते, हे वर सांगितलेच आहे. पण संस्था रद्द न करता तिच्या बाजूने रस्ता काढून ती मोडकळीस आणण्याची ही रीत आपण ओळखायला शिकले पाहिजे. याच्या उलट एक दाखलाही कंपनी सरकारनेच ठेवला आहे. १८५० च्या २६व्या कायद्याने नगरपालिका स्थापन करायची तर त्या गावच्या रहिवाशांनी तशी मागणी करावी लागे आणि ती त्यांच्या इच्छेला धरून आहे अशी सरकारची खात्री पटावी लागे. व्यापारी कंपनीचे सरकार १८५० मध्ये विचारत होते, आणि आज? आज उद्घोषणेचा मसुदा निघतो, हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते, आणि ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला म्हणून रूपांतर थांबतेच असे नाही. सभेच्या मृत्यूबद्दल सभेचे मत बंधनकारक नाही, यातला विनोद फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मग करायचे काय? ग्रामपंचायतच राहू द्या, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. जे गाव खरोखर वाढले आहे, जेथे बाजारपेठ, दवाखाने, महाविद्यालय आणि दोन-तीन हजार भाडेकरू आहेत, तेथील सांडपाणी आणि बांधकामे एका ग्रामसेवकाच्या बळावर सांभाळता येत नाहीत. त्यांना मुख्याधिकारी हवा, अभियंता हवा, नगररचनेचा आराखडा हवा. विरोध करणाऱ्यांनी हे नाकारून आपलीच बाजू कमकुवत केली आहे. पण मुख्याधिकारी हवा असेल तर मतदारांची सभा सोडा, असा सौदा घटनेने कोठेही घातलेला नाही. घटनेने नगरांना सभा दिली नाही. देऊ नका असेही म्हटलेले नाही. राज्याला ती देता येते. केंद्राच्या २००५ च्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने राज्यांना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली होती, तेव्हा महाराष्ट्रानेही २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे नगराच्या एकेका भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद केली होती. निधीसाठी कायदा झाला, निधी आला, आणि क्षेत्रसभा कागदावर राहिली. म्हणजे नवे काही शोधून काढायचे नाही. नगरपंचायतींपुरती तरी प्रभागसभा सक्तीची करावी, तिला किमान तीन गोष्टींत अधिकार द्यावा: प्रभागातील कामांचा अग्रक्रम, लाभार्थ्यांची यादी आणि झालेल्या कामाची पाहणी करून देयकाला संमती. शेवटची गोष्ट दिली तर बाकीच्या दोन आपोआप येतील, असा माझा अंदाज आहे. ठेकेदाराचे बिल अडवण्याची ताकद ज्या सभेत असते तिला गणपूर्तीची चिंता करावी लागत नाही.

राहता राहिली दप्तराची गोष्ट, जी या वादात कोणाच्या गावीही नसते. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आल्यापासून गावोगावच्या ग्रामसभांची इतिवृत्ते लिहिली गेली. कोणत्या वर्षी दुष्काळी कामावर किती माणसे होती, विहिरीवर सर्वांना पाणी भरू द्यावे यावर कोण काय बोलले, बाजाराचा वार कधी बदलला, पहिली विजेची तार कोणत्या आळीत आली, हे सगळे त्या मळकट वह्यांत असते. औंधसारख्या गावाचा राजा, त्याची चित्रे आणि त्याचे संग्रहालय यांवर लिहिणारे पुष्कळ भेटतील. पण गावाचा स्वतःच्या शब्दांतला इतिहास असलाच तर तो या दप्तरात आहे. रूपांतर होते तेव्हा नवी संस्था मालमत्तेची, थकबाकीची आणि कर्मचाऱ्यांची यादी करून घेते. सभांच्या वह्या बहुधा जुन्या कपाटात जातात आणि पुढे कार्यालय बदलते तेव्हा रद्दीत. ज्यांच्या गावाचा मसुदा आज निघालेला असेल त्यांनी ३० दिवसांत हरकत लिहिताना घरपट्टीचे कोष्टक जरूर जोडावे. पण त्याच्या आधी दोन मागण्या लिहाव्यात: उद्घोषणा अंतिम होण्यापूर्वी प्रभागसभेची तरतूद करावी, आणि ग्रामसभेची सर्व इतिवृत्ते क्रमांक घालून, मोजून, पोच घेऊन ताब्यात द्यावीत. पहिली मागणी फेटाळली गेली तरी दुसरी नाकारण्यास कोणाला काही कारण सापडणार नाही, आणि पुढे केव्हा तरी पहिलीसाठी पुन्हा भांडायचे झाले तर पुरावा त्या वह्यांतच सापडेल.